वकिलीची वाट कोपऱ्यावरच्या कॉलेजातून

सॅन होझेच्या आसपासच्या मराठी घरांतून मला फोन येतात ते दोन कारणांसाठी. एक, घरमालक डिपॉझिट परत देत नाही. दोन, मुलाला किंवा मुलीला वकील व्हायचंय. पहिल्याचं उत्तर पाच मिनिटांत देता येतं. दुसऱ्याला तासभर लागतो, कारण विचारणारे आईबाबा पुण्या-कोल्हापूरच्या हिशेबानं विचारत असतात : बारावीनंतर कुठली सीईटी, पाच वर्षांचा कोर्स बरा की तीन वर्षांचा, कॉलेज कुठलं नावाजलेलं. अमेरिकेत यातलं काहीच नाही म्हटल्यावर त्यांची पंचाईत होते. आणि "दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात घाला, मग बघू" असं मी म्हटलं की फोनवर कुणी बोलेनासंच होतं.

"अहो ताई, तिला मार्क चांगले आहेत," एक काका मला समजुतीच्या सुरात म्हणाले होते.

कम्युनिटी कॉलेजात कुणालाही प्रवेश मिळतो. कुणालाही मिळतो म्हणजे त्याची किंमत शून्य, असा आपल्या लोकांचा सरळ हिशेब. मी अशाच कॉलेजातून पुढे वकील झाले, तेव्हा या हिशेबात काय सुटतं ते सांगायचा मला थोडाफार हक्क आहे.

मी मूळची कराडची. वडील तहसील कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसत. सातबाऱ्यावरच्या नोंदीपासून रेशनकार्डापर्यंत लोकांचे अर्ज टाइप करून देत. मी बारावी आर्ट्स केली, एफवायला असताना लग्न ठरलं आणि नवऱ्याच्या मागोमाग एच-४ व्हिसावर सनीवेलला आले. त्या काळी एच-४वर नोकरीला बंदी होती, शिकायला मात्र मोकळीक. मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा घरून बसनं जाता येईल अशा कॉलेजात नाव घातलं : क्युपर्टिनोचं डी आन्झा कॉलेज. तिथून सॅन होझे स्टेट युनिव्हर्सिटी, तिथून सांता क्लारा विद्यापीठाचं लॉ स्कूल, मग बारची, म्हणजे वकिलीच्या सनदेची परीक्षा. आज एका सेवाभावी संस्थेत मी भाडेकरूंच्या बाजूनं खटले लढवते.

आधी पदवी, मग कायदा

अमेरिकेत वकिलीसाठी लागणारी पदवी म्हणजे जेडी. पूर्ण वेळ केली तर तीन वर्षांची. तिच्या आधी कुठल्या तरी विषयातली चार वर्षांची पदवी हवी. विषय कुठला, याचं बंधन नाही. लॉ स्कूलांना मान्यता देणारी अमेरिकन बार असोसिएशनही अमुकच विषय घ्या असं सुचवत नाही. इतिहास, गणित, संगीत, नर्सिंग, काहीही चालतं. लॉ स्कूल मुख्यतः दोन आकडे बघतं : पदवीचा जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, आणि एलसॅट नावाच्या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर. त्यापाठोपाठ स्वतःबद्दलचा निबंध, शिफारसपत्रं आणि आजवर तुम्ही काय कामं केलीत त्याचा तपशील.

पदवीची चारही वर्षं एकाच ठिकाणी काढावी लागत नाहीत. पहिली दोन कम्युनिटी कॉलेजात आणि पुढची दोन विद्यापीठात काढता येतात. याला ट्रान्सफर म्हणतात. पदवीवर नाव विद्यापीठाचंच येतं.

ही सोय शंभर-सव्वाशे वर्षांची आहे. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ साली निघालं, ते या जातीचं देशातलं पहिलं सरकारी कॉलेज मानतात. कॅलिफोर्नियानं १९६०च्या मास्टर प्लॅननुसार उच्च शिक्षणाची तीन मजली रचनाच करून टाकली. हायस्कूलमधल्या वरच्या एक अष्टमांश मुलांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी. वरच्या एक तृतीयांशासाठी स्टेट युनिव्हर्सिटी. आणि कम्युनिटी कॉलेजं सगळ्यांसाठी. वरच्या मजल्यांवर जायला खालून जिना ठेवला, हा या योजनेचा गाभा. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत.

आता पैशांचं बघू. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात सेमिस्टरच्या एका युनिटला ४६ डॉलर पडतात, आणि हा दर २०१२पासून बदललेला नाही. ट्रान्सफरला ६० युनिटं लागतात, म्हणजे दोन वर्षांची मिळून फी २,७६० डॉलर. पुस्तकं आणि किरकोळ फिया वेगळ्या. यूसीत रहिवाशाची एका वर्षाची फीच पंधरा हजार डॉलरच्या आसपास जाते, राहणं-खाणं सोडून. बेताच्या उत्पन्नाच्या घरांना कॉलेज प्रॉमिस ग्रँटमधून ही ४६ डॉलरची फीसुद्धा माफ होते. एच-४वरच्या बायकांनी लक्षात ठेवावं, की राज्यात वर्षाहून जास्त काळ स्थायिक झाल्याचे पुरावे दिले तर त्यांनाही रहिवाशाचाच दर लागतो. कित्येक जणी चौकशी न करताच परदेशी विद्यार्थ्याची फी मनात धरून घरी बसतात.

या जिन्यानं कुणी कुठवर गेलंय? क्रूझ रेनोसो यांचं नाव इथल्या वकिलांत आदरानं घेतलं जातं. १९३१चा जन्म, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन शेतमजुराचं घर, अकरा भावंडं. वस्तीत टपाल यायचं नाही, तेव्हा या पोरानं सह्या गोळा करून थेट वॉशिंग्टनला अर्ज पाठवला होता. फुलर्टनच्या ज्युनियर कॉलेजात दोन वर्षं, मग पोमोना कॉलेजची पदवी, मग बर्कलेचं लॉ स्कूल. गरीब शेतमजुरांना मोफत वकील देणाऱ्या कॅलिफोर्निया रूरल लीगल असिस्टन्सचे ते संचालक होते. १९८२मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात पोचले. तिथले ते पहिले लॅटिनो न्यायमूर्ती. उतारवयात डेव्हिसच्या लॉ स्कूलात शिकवत. टपालाच्या अर्जाची गोष्ट मी वडिलांना फोनवर सांगितली, तर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "अर्जाची पोच घेतली होती का त्यानं?"

वर्गात काय हाती लागतं

कम्युनिटी कॉलेजातले प्राध्यापक संशोधनासाठी नेमलेले नसतात, शिकवायला नेमलेले असतात. मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या वर्गाला तीनशे मुलं बसतात आणि तुमचा निबंध बहुधा एखादा पीएचडीचा विद्यार्थी तपासतो. डी आन्झात माझ्या लिहिण्याच्या वर्गात तीस-एक जण असायचे आणि तपासणाऱ्या बाई त्याच, ज्या शिकवत. माझ्या बाकावर एका बाजूला हायस्कूल संपवून आलेलं पोरगं, दुसऱ्या बाजूला रात्रपाळी करून आलेला सिक्युरिटी गार्ड. अशा वर्गात वाद रंगतो, कारण भाडं, पोलीस, पगार या गोष्टी निम्म्या वर्गानं अंगावर घेतलेल्या असतात.

वकिलीच्या तयारीसाठी कुठले वर्ग घ्यावेत, असं विचाराल तर : लेखनाचे सगळे, तर्कशास्त्र किंवा क्रिटिकल थिंकिंग, संख्याशास्त्र, अमेरिकेचा इतिहास आणि राज्यव्यवस्था, आणि एखादा भाषणाचा किंवा वादविवादाचा. डी आन्झासारख्या कॉलेजांत पॅरालीगलचे वर्गही असतात. पॅरालीगल म्हणजे वकिलाच्या ऑफिसात संशोधन आणि मसुदे करणारा प्रशिक्षित सहायक. त्यातला लीगल रिसर्चचा एक वर्ग घेऊन बघावा. कायद्याचं वाचन आपल्याला झेपतं का आणि मुख्य म्हणजे आवडतं का, ते दीडशे-दोनशे डॉलरांत कळतं. लॉ स्कूलात जाऊन कळायला लाखभर डॉलर पडतात.

या वर्गांत न्यायनिवाड्याचा 'ब्रीफ' लिहायला शिकवतात. म्हणजे निकाल चार भागांत उलगडायचा : मुद्दा काय, नियम काय, नियम या हकिकतीला कसा लागू होतो, निष्कर्ष काय. मी पहिला ब्रीफ लिहिला तो भगतसिंग थिंड यांच्या खटल्याचा. अमृतसरकडचा हा शीख तरुण पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता. त्यानं नागरिकत्व मागितलं. तेव्हाच्या कायद्यात नागरिकत्व 'गोऱ्या' माणसांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळे. थोडंच आधी, १९२२मध्ये, ताकाओ ओझावा या जपानी माणसाला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि तुम्ही तसे नाही. थिंड यांच्या बाजूनं साधा युक्तिवाद झाला : वंशशास्त्राचे पंडित उत्तर भारतीयांना कॉकेशियनच म्हणतात, तेव्हा तुमच्याच नियमानं मी गोरा ठरतो. १९२३च्या फेब्रुवारीत न्यायमूर्ती सदरलंड यांनी एकमतानं झालेला निकाल लिहिला. पंडित काय म्हणतात ते सोडा, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. तीन महिन्यांत नियम फिरला.

माझा कागद परत आला तो लाल शाईनं भरून. मी नियमाच्या रकान्यात 'अन्यायकारक' लिहिलं होतं, ते खोडून बाईंनी शेजारी लिहिलं होतं : कोर्ट काय म्हणालं ते आधी. तुला काय वाटलं ते शेवटी, आणि तेही पुराव्यासकट. दुसऱ्यांदा लिहिताना मी ओझावाचा निकाल शेजारी ठेवला आणि दोन्ही निकालांतली वाक्यं समोरासमोर मांडली. 'अन्याय' हा शब्द एकदाही न वापरता अन्याय जास्त ठळक दिसला. या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेतलं गेलं, आणि भारतीयांना नागरिकत्वाचं दार पुन्हा उघडलं ते १९४६च्या ल्यूस-सेलर कायद्यानं. आज क्युपर्टिनोत आपण घरं घेऊन राहतो त्यामागे हा इतिहास आहे. तो मला कम्युनिटी कॉलेजच्या वर्गात कळला, आणि वकील कसा वाचतो, तेही तिथेच कळलं. लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षात रोज हेच करायचं असतं, फक्त पानं दसपट.

पुसता न येणारे मार्क

आता जरा कडू भाग. लॉ स्कूलांचे अर्ज ज्या संस्थेमार्फत जातात तिचं नाव लॉ स्कूल ॲडमिशन कौन्सिल, बोलताना एलसॅक. एलसॅट परीक्षा तीच घेते. तुमची सगळ्या कॉलेजांची गुणपत्रकं मागवून जीपीएही ती स्वतःच्या पद्धतीनं नव्यानं काढते. पहिली पदवी मिळेपर्यंत जिथे जिथे कॉलेजचा विषय घेतलात, ते सगळं त्यात येतं. कम्युनिटी कॉलेज आलं, उन्हाळी वर्ग आले, आणि हायस्कूलात असताना घेतलेले कॉलेजचे वर्गसुद्धा आले.

हे शेवटचं आपल्या पालकांनी नीट ऐकावं. दहावी-अकरावीतल्या मुलाला 'सुट्टीत रिकामा बसण्यापेक्षा' कम्युनिटी कॉलेजात एखादा विषय घ्यायला लावायची इकडे पद्धतच पडली आहे. पंधराव्या वर्षी घेतलेला 'सी' बाविसाव्या वर्षी लॉ स्कूलच्या टेबलावर पडतो.

माझ्या बाकावरचा तो सिक्युरिटी गार्ड असाच अडकला. विशीत तो दुसऱ्या एका कॉलेजात दोन विषयांत नापास झाला होता. तेव्हा आई आजारी होती, वर्गाला जाणं सुटलं, पण नाव काढायचं राहून गेलं. दहा वर्षांनी त्यानं तेच विषय पुन्हा घेऊन 'ए' मिळवले. कॉलेजनं आपल्या जीपीएतून जुने मार्क वगळले, त्याला वाटलं पाटी कोरी झाली. पण गुणपत्रकावर जुना 'एफ' छापलेला राहतो, आणि छापलेला असला की एलसॅक तो धरते. त्याचा कॉलेजचा जीपीए ३.८, एलसॅकचा ३.४. त्यानं अर्जासोबत एक पानाचं स्पष्टीकरण जोडलं : काय झालं, कधी झालं, नंतर काय केलं. रडगाणं नाही, तारखा आणि मार्क. त्याला प्रवेश मिळाला. पण हा नियम त्याला आधी कुणी सांगितला असता, तर तेव्हा मुदतीत नाव काढून त्यानं 'एफ'च्या जागी 'डब्ल्यू' घेतला असता, जो साधारणपणे मोजला जात नाही.

याची दुसरी बाजू सुखाची आहे. एलसॅकच्या गणितात डी आन्झाचा 'ए' आणि बर्कलेचा 'ए' यांचं वजन सारखंच. इंग्रजीत कच्च्या असलेल्या माझ्यासारखीला पहिली दोन वर्षं छोट्या वर्गांत, ट्यूटरच्या मदतीनं मार्क राखता आले, याचा फायदा थेट अर्जात दिसला.

ज्यांनी भारतात बीए-बीकॉम पूर्ण केलंय त्यांचं गणित निराळं. त्यांना इथे पुन्हा पदवी करायची बहुधा गरज नसते. एलसॅक भारतीय गुणपत्रकाचा जीपीए काढत नाही, फक्त दर्जा सांगते, त्यामुळे एलसॅटचं वजन वाढतं. अशांनी कम्युनिटी कॉलेजचे दोन-चार वर्ग घेतले तर ते जीपीएत धरले जात नाहीत, पण लेखनाचा हात बसतो आणि इथल्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र मिळतं. भारतात सनद घेऊन वकिली करणाऱ्यांना तर कॅलिफोर्नियात थेट बारच्या परीक्षेला बसता येतं.

एलसॅटबद्दल थोडक्यात. १२० ते १८० या पट्टीवर स्कोअर. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे चार भाग, त्यातले तीन मोजले जातात : दोन तार्किक युक्तिवादाचे, एक उताऱ्यांचं आकलन. माझ्या वेळी 'सहा जण बाकावर कसे बसतील' छापाची कोडी असायची. दृष्टिहीन परीक्षार्थींच्या दाव्यात झालेल्या तडजोडीनंतर ऑगस्ट २०२४पासून ती गेली. पाठांतराला इथे वाव नाही, उताऱ्यात लेखकानं काय गृहीत धरलंय ते पकडायचं असतं. मला विचाराल तर यासाठी क्लासपेक्षा क्रिटिकल थिंकिंगचा एक चांगला वर्ग आणि भरपूर सरावपरीक्षा पुरतात. परीक्षा आणि गुणपत्रकांची सेवा मिळून साडेचारशे डॉलरच्या आसपास खर्च येतो. कमी उत्पन्नाच्या अर्जदारांना फीमाफी असते, पण ती मागावी लागते.

जिना चढायचे नियम

ट्रान्सफर आपोआप होत नाही. इथे शिकवलेला कुठला विषय वरच्या विद्यापीठात कुठल्या विषयाच्या जागी धरला जाईल, हे 'असिस्ट' या सरकारी संकेतस्थळावर कॉलेजनिहाय दिलेलं असतं. मैत्रिणीनं घेतला म्हणून विषय घ्यायचा नाही, असिस्ट उघडून घ्यायचा. यूसीच्या नऊपैकी सहा कॅम्पसना ठरलेले विषय आणि ठरलेला जीपीए असेल तर प्रवेशाची लेखी हमी मिळते. डेव्हिस, आयर्विन, सांता बार्बरा, सांता क्रूझ, रिव्हरसाइड आणि मर्सेड हे ते सहा. बर्कले, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो हमी देत नाहीत, पण तेही दरवर्षी कम्युनिटी कॉलेजातून पुष्कळ मुलं घेतात. स्टेट युनिव्हर्सिटीसाठी ट्रान्सफरची खास दोन वर्षांची पदवी आहे. त्यात 'कायदा, सार्वजनिक धोरण आणि समाज' असाही एक विषय काही कॉलेजांत मिळतो.

तो विषय निघाला त्यामागे एक योजना आहे. कॅलिफोर्नियातले वकील आणि कॅलिफोर्नियातली माणसं यांच्यात फार अंतर आहे, हे वकिलांच्या सनदेचं काम बघणाऱ्या स्टेट बारला बरीच वर्षं खटकत होतं. वकिलांत गोऱ्या, सुस्थित घरांतले जास्त. कम्युनिटी कॉलेजात मात्र राज्याचा खरा चेहरामोहरा दिसतो. म्हणून २०१४मध्ये २४ कम्युनिटी कॉलेजं आणि ६ लॉ स्कूल यांनी करार केला. डेव्हिस, आयर्विन, सांता क्लारा ही लॉ स्कूलं सुरुवातीपासून त्यात आहेत. या वाटेनं येणाऱ्याला समुपदेशन, वकिलांचं मार्गदर्शन, एलसॅटच्या तयारीला मदत आणि लॉ स्कूलच्या अर्जाची फीमाफी असं मिळतं. दोन अधिक दोन अधिक तीन, अशा सात वर्षांची ती आखणी आहे. आपलं कॉलेज त्यात आहे का, हे कॉलेजच्या काउन्सेलिंग ऑफिसात विचारावं.

पुस्तकांइतकाच कोर्टातला अनुभव मोलाचा. जिल्हा न्यायालयांत सेल्फ-हेल्प सेंटर असतं. वकील परवडत नसलेल्यांना तिथे फॉर्म भरायला मदत करतात, आणि विद्यार्थी स्वयंसेवक घेतात. मी तिथे बसत असे. एकदा हॉटेलात भांडी घासणारा एक माणूस घर खाली करण्याच्या दाव्याचं समन्स घेऊन आला. तेव्हा उत्तर द्यायला कोर्टाचे पाच दिवस मिळत (२०२५पासून दहा झालेत), त्याचे तीन उलटले होते. यूडी-१०५ नावाचा उत्तराचा फॉर्म मी त्याच्यापुढे ठेवला. घरमालकाची कुठली विधानं मान्य, कुठली अमान्य, बचाव काय, असे रकाने. त्याच्या न्हाणीघरात महिनोन्महिने बुरशी होती, त्याचे फोटो त्याच्याकडे होते. तो विचारत होता, "यातल्या कुठल्या चौकोनात खूण करू?" स्वयंसेवकानं रकान्याचा अर्थ सांगायचा, कुठे खूण करायची हे सांगायचं नाही. ते सांगणं म्हणजे कायदेशीर सल्ला, आणि सल्ला फक्त सनदधारक वकील देऊ शकतो. मी त्याला तोच रकाना पुन्हा, सावकाश वाचून दाखवला. त्यानं योग्य जागी खूण केली. लॉ स्कूलच्या निबंधात मी या चौकोनाबद्दल लिहिलं.

आखूड वाटा आणि लांब बिलं

कॅलिफोर्नियात एक आडवाट आहे, ती लोक मला फार उत्साहानं सांगतात. स्टेट बारच्या नियमानुसार दोन वर्षांचं कॉलेजशिक्षण, म्हणजे साठ युनिटं, झालेल्या माणसाला कायद्याचा अभ्यास सुरू करता येतो. राज्याची मान्यता असलेली, पण अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता नसलेली काही लॉ स्कूलं अशांना घेतात. वकिलाच्या ऑफिसात चार वर्षं शिकण्याचाही मार्ग आहे, किम कार्डाशियननं धरला तो. सर्जिओ गार्सिया हे याच राज्यातलं लक्षात राहणारं नाव. बट कम्युनिटी कॉलेज, चिको स्टेट आणि तिथल्याच कॅल नॉर्दर्न या राज्यमान्य लॉ स्कूलात ते शिकले, बार पास झाले, पण त्यांच्याकडे इमिग्रेशनची कागदपत्रं नव्हती. २ जानेवारी २०१४ला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सनद द्यायचा निकाल दिला. तेव्हा वाट खोटी नाही. पण या पदवीवर बहुतेक दुसऱ्या राज्यांत बारला बसता येत नाही, आणि नवऱ्याची नोकरी कधी टेक्सासला जाईल याचा भरवसा नसलेल्या घरांनी हे आधी तोलावं.

मोठा खर्च येतो तो लॉ स्कूलात. खासगी लॉ स्कूलची फी वर्षाला साठ हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याहून वर असते. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसेल तर केंद्र सरकारचं कर्ज सहसा नाही. असेल, तरी १ जुलै २०२६पासून नव्यानं कर्ज घेणाऱ्यांना लॉसारख्या अभ्यासक्रमांसाठी वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर अशी मर्यादा घातली आहे. पूर्वी ग्रॅड प्लस नावाच्या सरकारी कर्जातून उरलेला सगळा खर्च उचलता येई, ते नव्यांसाठी बंद झालं. म्हणून पहिल्या दोन वर्षांत वाचलेल्या पैशांना आता जास्त अर्थ आहे.

लॉ स्कूल निवडताना त्याचा '५०९ अहवाल' उघडा. मान्यताप्राप्त प्रत्येक लॉ स्कूलला तो दरवर्षी प्रसिद्ध करावाच लागतो. घेतलेल्या मुलांचा जीपीए आणि एलसॅट, किती जणांना किती शिष्यवृत्ती, किती जण मध्येच गळाले, सगळं त्यात असतं. विशेष म्हणजे 'अमुक जीपीए राखला तरच' अशा अटीची शिष्यवृत्ती किती जणांची पहिल्या वर्षानंतर गेली, तेही असतं. लॉ स्कूलात मार्क कर्व्हवर देतात. सगळे हुशार असले तरी कुणीतरी खालच्या निम्म्यात जाणारच, आणि अट तिथेच नडते.

कुणी ही वाट धरू नये, तेही सांगते. ज्याला यूसीत पूर्ण आर्थिक मदत मिळतेय त्यानं सरळ तिकडे जावं. आणि दोन वर्षं म्हणजे दोनच, असंही धरून चालू नका. नोकरी, मुलंबाळं, चुकीचे विषय यांपायी पुष्कळांना जास्त लागतात आणि कित्येक जण मधल्या मध्ये सोडून देतात. जिना सगळ्यांसाठी मोकळा आहे, पण पुढची पायरी कुठे आहे हे कुणी हाताला धरून दाखवत नाही. ज्यांच्या घरात वकील आहे त्यांना हे सगळे नियम जेवणाच्या टेबलावर कळतात. आपल्या घरांत डॉक्टर-इंजिनियर ढीगभर, वकील विरळा.

म्हणून नोंदणी झाली की पहिल्या आठवड्यातच काउन्सेलरची वेळ घ्या आणि बसल्या बसल्या सांगा की मला लॉ स्कूलला जायचंय. हे सांगितलं नाही तर तो तुम्हाला ट्रान्सफरपुरताच आराखडा आखून देईल. त्याच्या दाराबाहेर रांग असते, तुमच्या मनातलं त्यानं ओळखावं कसं? सांगितलंत, तर पहिल्या टर्मचे विषय, नाव काढायची शेवटची तारीख आणि शिफारसपत्रासाठी कुठल्या प्राध्यापकाकडे दोन वर्ग घ्यावेत, या तिन्ही गोष्टी त्याच बैठकीत लिहून घ्या.